स्कॉटलंड रोडट्रिप: नवऱ्याचं गोल्फ, माझे पक्षी, गाडी एकच

रानवाटा
नमस्कार मंडळी. मे अखेरीस स्कॉटलंडला जायचं जवळजवळ पक्कं आहे, आठ-दहा दिवस मिळतील. आम्ही चौघं, नवरा, मी, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई. नवऱ्याला गोल्फचं वेड, त्याने सेंट अँड्र्यूजपासून उत्तरेच्या टोकापर्यंत कोर्सेसची यादीच करून ठेवलीय, आणि मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, मला पक्षी, सील, डॉल्फिन, हरणं जे दिसेल ते बघत जंगलात नाहीतर समुद्रकाठी चालायचंय. सासूबाई रोज तीन-चार किलोमीटर मजेत चालतात पण चढ नको म्हणतात. गाडी एकच घेणार. त्याच्या यादीप्रमाणे गेलो तर आम्ही तिघी रोज क्लबहाउसमध्ये चहा पीत बसणार, आणि माझ्या यादीप्रमाणे गेलो तर गोल्फची बॅग नुसतीच डिकीत फिरून येणार. दोन्ही जमेल असा रूट कोणी केलाय का? उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये राहावं की सेंट अँड्र्यूजच्या आसपास, फाइफमध्ये? उत्तरं लांबलचक असली तरी चालतील, वाचेन.

बोगीबुवा
जमतं, आरामात जमतं. फक्त यादी फाडा आधी. स्कॉटलंड नकाशावर छोटं दिसतं पण एडिनबरा ते इन्व्हरनेस साडेतीन तास धरा, आणि त्याच्यावर गेलात की रस्ते बारीक होत जातात. रोज हॉटेल बदललंत तर गोल्फही नीट नाही आणि पक्षीही नाहीत. दोन मुक्काम करा, एक स्पे नदीच्या खोऱ्यात (अ‍ॅव्हिमोर किंवा बोट ऑफ गार्टन) आणि दुसरा त्याच्या उत्तरेला समुद्रकाठी डॉर्नॉकला. मधलं अंतर दोन तासांच्या आत आहे. या दोन्ही गावांत गोल्फ आणि वन्यजीव पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत, म्हणजे नवऱ्याला सोडायचं, गाडी घ्यायची, चार तासांनी उचलायचं.

मे अखेर एकदम योग्य वेळ. उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो आणि बरेच क्लब संध्याकाळचा राउंड कमी पैशात देतात. तेव्हा सकाळ तुमची, संध्याकाळ त्याची.

पिसारा
बुवांना अनुमोदन, बोट ऑफ गार्टन डोळे मिटून घ्या. गावालाच ऑस्प्रेचं (मासे पकडणारा शिकारी पक्षी) गाव म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून हा पक्षी वीण करणारा म्हणून नाहीसा झाला होता, शिकार आणि अंडी जमवणारे हौशी लोक यांनी संपवला. १९५४ मध्ये लॉख गार्टन या तळ्यापाशी एक जोडी परत आली. मग १९५८ ला पहारा असतानाही रात्री कोणीतरी झाडावर चढून अंडी पळवली आणि घरट्यात कोंबडीची अंडी बूटपॉलिश फासून ठेवली, खरंच. तेव्हा आरएसपीबीने (ब्रिटनची पक्षीसंरक्षण संस्था) उलटाच डाव टाकला, जागा लपवायच्या ऐवजी १९५९ मध्ये लोकांसाठीच खुली केली, या आणि बघा, हजार डोळे असले की चोर येत नाही. तेव्हापासून लाखो लोक बघून गेलेत. आता त्या घरट्यात दरवर्षी जोडी असतेच असं नाही, मधली काही वर्षं रिकामी गेली, त्यामुळे निघायच्या आधी चौकशी करा. पण आसपासच्या तळ्यांवर मासे पकडताना दिसतातच. मार्च अखेर ते ऑगस्ट हा त्यांचा काळ, म्हणजे तुम्ही बरोबर मधे येताय.

लॉख गार्टनच्या पाइनच्या जंगलात लाल खारी आहेत, क्रेस्टेड टिट आहे (तुरेवाला छोटासा, ब्रिटनमध्ये फक्त याच भागात), आणि नशीब असेल तर स्कॉटिश क्रॉसबिल, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. वाट सपाट आहे, सासूबाईंना काहीच त्रास नाही.

पार_तीन
आणि बोट ऑफ गार्टनचा कोर्स स्वतःच भारी आहे! जेम्स ब्रेड या जुन्या नामांकित गोल्फपटूने आखलेला, बर्चच्या झाडांतून जाणारा, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) असे लाटांसारखे वरखाली की सपाट उभं राहून शॉट मारायला मिळणं मुश्किल, शेजारून वाफेची गाडी जाते (अ‍ॅव्हिमोरहून येते ती, लेकीला त्यात बसवा). लांबी फार नाही म्हणून लोक हलक्यात घेतात आणि मग रडतात. ग्रीन फी (खेळायची फी) मोठ्या नावांच्या मानाने बरीच कमी.

रानवाटा
वा वा! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो सेंट अँड्र्यूज सोडणार नाही म्हणजे नाही. तिथल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर खेळायचंच आहे, आणि तिथे म्हणे लॉटरी असते? आणि तिथे मी काय करू?

बोगीबुवा
हो, बॅलट म्हणतात. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नाव द्यायचं, कमीत कमी दोघं हवेत, संध्याकाळी निकाल. एकटा असेल तर २०२४ पासून वेगळी सोडत आहे, आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव द्यायचं. पूर्वी लोक पहाटेपासून, काही तर रात्रभर रांगेत उभे राहायचे, ते थांबलं. हँडिकॅपचा (खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा) दाखला लागतो, तो विसरू नका म्हणावं. फी तीनशे पौंडांच्या वर आहे हंगामात. आणि नंबर लागेलच याची काही खात्री नाही, म्हणून दोन-तीन रात्री तरी राहावं लागतं त्या भागात.

रविवारी मात्र ओल्ड कोर्स बंद. म्हणजे गोल्फला बंद, बाकी सगळ्यांना खुला. लोक कुत्री फिरवतात, पोरं पळतात, तुम्ही सहकुटुंब कोर्सवरच्या प्रसिद्ध स्विल्कन पुलावर जाऊन फोटो काढू शकता, एक पैसा न देता. जमिनीची मालकी सार्वजनिक आहे त्यामुळे ही प्रथा आहे. नवऱ्याला रविवारी चालत दाखवा आणि सोमवारसाठी बॅलट टाका, शनिवारीच टाकावा लागेल पण.

माऊ
फाइफमध्ये तुझी मजा आहे गं! अ‍ॅन्स्ट्रथरहून बोटीने आइल ऑफ मे या बेटावर जा. पाऊण तास लागतो. पफिनची (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) हजारो जोडपी, बिळांतून डोकावतात, चोचीत मासे धरून तुझ्या पायाजवळून उडतात, लेक वेडी होईल. मे अखेरीस पिल्लांसाठी ये-जा चालू झालेली असते, ऑगस्ट उजाडला की सगळे समुद्रावर निघून गेलेले. बोट आधी बुक कर, आणि वारा असेल तर रद्द होते तेव्हा पहिल्याच दिवशी ठेव म्हणजे पुढे सरकवता येईल. टोपी घाल, आर्क्टिक टर्न हे समुद्रपक्षी डोक्यावर चोच मारतात. म्हणजे खरोखर मारतात, रक्त येतं कधी कधी. काठी किंवा छत्री डोक्याच्या वर धरायची, ते सगळ्यात उंच वस्तूवर हल्ला करतात.

सासूबाईंना बोटीतून उतरल्यावर थोडा चढ आहे हं. त्यांना टेन्ट्समूरला ने त्याऐवजी, सेंट अँड्र्यूजच्या उत्तरेला जंगल आणि वाळूचा किनारा, ओहोटीला वाळूच्या दांड्यावर सील पडलेले असतात.

गवताळ
सगळं छान चाललंय पण थोडा मिठाचा खडा टाकतो. गोल्फ आणि वन्यजीव असं एका श्वासात म्हणताना जरा विचार करा. अ‍ॅबरडीनच्या उत्तरेला मेनी इस्टेटवर २०१२ मध्ये ट्रम्पचा कोर्स उघडला, तिथल्या वाळूच्या टेकड्या सरकत्या होत्या, वाऱ्याबरोबर हलायच्या, म्हणूनच त्यांना संरक्षण होतं. कोर्ससाठी त्या जागच्या जागी धरून ठेवल्या, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये सरकारी निसर्गखात्याने सरळ जाहीर केलं की आता इथे संरक्षण द्यावं असं फारसं उरलेलं नाही, दर्जा काढून घेतला. तुम्ही ज्या डॉर्नॉकला जाणार त्याच्या शेजारी एम्बोजवळ कूल लिंक्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथेही कोर्स करायचा प्रस्ताव होता, २०२० मध्ये स्कॉटिश सरकारने नाकारला, पुढे गावकऱ्यांच्या गटाने पुन्हा अर्ज केला. तिथे एक छोटी माशी आहे, फोन्सेकाज सीड फ्लाय, जी जगात फक्त त्या किनारपट्टीच्या तुकड्यावर सापडते. माशीसाठी कोण रडणार म्हणा.

बोगीबुवा
गवताळ, मेनीबद्दल वाद नाही, तिथे जे झालं ते वाईटच. पण सगळे कोर्स एका मापाने मोजू नका. जुने लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूवरचे कोर्स) कोणी बुलडोझर लावून केले नाहीत, मेंढ्या आणि ससे चरून गवत आखूड झालं, वाऱ्याने खळगे पडले ते बंकर झाले, माणसांनी त्यात झेंडे रोवले. डॉर्नॉकला १६१६ पासून गोल्फची नोंद आहे. तिथे रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, चंडोल घरटी करतात, गॉर्सच्या पिवळ्या झुडपांत छोटे पक्षी असतात. त्या जमिनीवर गोल्फ नसता तर कदाचित बंगले किंवा कॅराव्हॅन पार्क असतं.

आणि गावकऱ्यांनी पुन्हा अर्ज का केला तेही बघा. उत्तरेच्या त्या पट्ट्यात तरुण पोरं राहत नाहीत, काम नाही. बाहेरून येऊन माशी वाचवा म्हणणं सोपं आहे.

गवताळ
"कदाचित बंगले असते" हा काही युक्तिवाद झाला नाही बुवा. जुने कोर्स राहू देत, माझा विरोध नव्याला आहे. चारशे वर्षं जुना लिंक्स शेजारीच असताना जे थोडं उरलंय त्यावर अजून एक कशाला? आणि रोजगाराचंच म्हणाल तर पक्षी बघायला येणारेही पैसे देतातच की, रानवाटा बाई येतायत तशा.

बोगीबुवा
नव्यांच्या बाबतीत बरंचसं मान्य. पुढे जाऊ, नाहीतर धागा भरकटेल.

खारूताई
बरं झालं दोघांनी आवरतं घेतलं :) डॉर्नॉकचं मी सांगते, आम्ही त्या भागात बऱ्याचदा जातो. नवऱ्याने रॉयल डॉर्नॉक आत्ताच बघावं, मे-जूनचे टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) फार आधी संपतात, फी दोनशे पौंडांच्या बरीच वर आहे. नाही मिळालं तर त्याच क्लबचा दुसरा कोर्स आहे, स्ट्रूई, तो स्वस्त आणि सहज मिळतो. मेमध्ये गॉर्स फुललेला असतो, अख्खा कोर्स पिवळाजर्द. मी खेळत नाही तरी बरोबर चालले होते, क्लबला विचारून, कोणी नाही म्हटलं नाही.

तेवढ्यात तुम्ही तिघी लॉख फ्लीटला जा, गाडीने दहा मिनिटं. समुद्राचं पाणी आत शिरून झालेलं उथळ खोरं आहे, ओहोटीला वाळूवर सील पसरलेले असतात अगदी रस्त्यावरून दिसतात, गाडीत बसून दुर्बीण लावली तरी चालतं, सासूबाईंसाठी उत्तम. ऑस्प्रे इथेही मासे मारायला येतात. पलीकडे पाइनचं जंगल आहे, सपाट वाट. भरतीच्या वेळी गेलात तर सील पांगलेले असतात, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक हॉटेलात पोचल्या पोचल्या बघून ठेवा. खरं तर सगळा दिवस त्यावरच बेतायचा. टी टाइम आपण निवडू शकतो, ओहोटी नाही.

पार_तीन
डॉर्नॉकचे ग्रीन (होलभोवतीचं आखूड गवत) म्हणजे उपड्या घातलेल्या बश्या, जरा चुकलं की चेंडू घरंगळत खाली. तिथे हवेत उंच उचलायच्या फंदात पडू नका म्हणावं, ग्रीनच्या बाहेरूनच पटर लावून वर ढकलायचा, वारा असताना तर नक्कीच. डोनाल्ड रॉस इथलाच, १८७२ चा जन्म, इथेच ग्रीनकीपर होता, मग अमेरिकेत जाऊन शेकड्यांनी कोर्स आखले, पाइनहर्स्टच्या दोन नंबर कोर्सचे फुगीर ग्रीन बघितले की डॉर्नॉक आठवतंच.

आणि ब्रोरा सोडू नका!! डॉर्नॉकहून अर्धा तास उत्तरेला. हाही ब्रेडचा. इथे पूर्वापार गुरं-मेंढ्या कोर्सवर चरत आल्यात, म्हणून ग्रीनभोवती विजेची तार, तारेला चेंडू लागला तर पुन्हा मारायची मुभा, शेणात पडला तर उचलायची मुभा. क्लबच्या चिन्हावर आर्क्टिक टर्न आहे कारण ते कोर्सवरच घरटी करतात. म्हणजे नवरा खेळताना टर्न त्याच्या डोक्यावर येतील, तुम्ही मागून फुकट बघा.

रानवाटा
हाहाहा, ब्रोरा पक्कं. सासूबाई म्हणाल्या गुरं बघायला मी पण येते. डॉल्फिनचं कोणी सांगा ना, लेकीची एकच मागणी आहे.

पिसारा
चॅनरी पॉइंट. इन्व्हरनेसपासून अर्धा तास, म्हणजे तुमच्या दोन मुक्कामांच्या बरोबर वाटेत. मरी फर्थमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या खाडीत, बॉटलनोज डॉल्फिन कायमचे राहतात, जगातल्या अगदी उत्तरेकडच्या वस्त्यांपैकी ही एक, थंडीमुळे अंगाने चांगले दणकट. जमिनीची एक जीभ समुद्रात गेलीय, समोर फोर्ट जॉर्ज किल्ला, मधली खाडी अरुंद. ओहोटी संपून पाणी आत यायला लागलं की त्या चिंचोळ्या जागेतून मासे येतात आणि डॉल्फिन तिथे आ वासून थांबतात, कधी कधी किनाऱ्यापासून इतके जवळ की दुर्बीण खाली ठेवावी लागते. ओहोटीनंतर तास-दोन तास ही वेळ. बोटीची गरजच नाही. पार्किंग फार छोटं आहे, रोझमार्की गावाच्या बाजूला गाडी लावून किनाऱ्याने चालत जा.

आणि गंमत म्हणजे दीपस्तंभाकडे जाणारा रस्ता गोल्फ कोर्सच्या मधून जातो, फोर्ट्रोझ अँड रोझमार्की. दोन्ही बाजूंनी समुद्र. नवरा खेळतोय आणि शंभर पावलांवर तुम्ही डॉल्फिन बघताय असं खरंच होऊ शकतं. रस्त्याने जाताना चेंडू येतोय का बघा मात्र.

घुबड
हा कोर्समधून चालायचा प्रश्न मला नेहमी पडतो. कायद्याने चालतं का?

गवताळ
स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जवळजवळ कुठेही चालायचा हक्क आहे, पण जबाबदारीने वागायची अट आहे. गोल्फ कोर्सवर तो हक्क फक्त ओलांडून पलीकडे जाण्यापुरता, तिथे पिकनिक मांडायला नाही. ग्रीनवर पाय ठेवायचा नाही, कोणी मारत असेल तर थांबायचं. एप्रिल ते जुलै जमिनीवर घरटी असतात तेव्हा वाट सोडू नका, कुत्रा असेल तर दोरीला.

स्पेच्या जंगलात एक जास्तीचं सांगतो. कॅपरकेली नावाचा मोठा रानकोंबड्यासारखा पक्षी अख्ख्या देशात पाचशेच्या आसपास उरलाय आणि बहुतेक सगळे तिथल्याच केर्नगॉर्म्स डोंगरांत. मेमध्ये त्यांचा विणीचा काळ. तो शोधायला पहाटे जंगलात घुसू नका, नुसत्या माणसाच्या वावराने माद्या घरटी सोडतात. दिसला तर नशीब, न दिसला तर त्याचं नशीब.

माऊ
मिज!!! कोणी बोललंच नाही. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक चिलटं, ढगांनी येतात, हवा पडलेली आणि दमट असली की सकाळ-संध्याकाळ जिणं हराम. मे अखेरीस नुकती सुरुवात असते, जुलै-ऑगस्ट म्हणजे कहर. थोडा जरी वारा असला तरी त्यांना उडता येत नाही, त्यामुळे समुद्रकाठच्या लिंक्सवर त्रास कमी आणि जंगलात जास्त. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते ती घेऊन ठेवा, दिसायला ध्यान दिसतं पण कोण बघतंय.

आणि गोचीड. उंच गवतातून चाललात की रोज रात्री पाय, गुडघ्यामागे, कंबरेला बघायचं. लाइम रोग होऊ शकतो. काढायचा छोटा हूक मिळतो औषधाच्या दुकानात. नवऱ्यालाही बघा, रफमध्ये चेंडू शोधणारे लोक शॉर्ट्स घालून हिंडतात.

घुबड
गाडीचं माझ्याकडून. डावीकडून चालवायचं त्यामुळे सवय लागायला वेळ नाही लागत. खरी परीक्षा एकेरी रस्त्यांची. मधे मधे रुंद जागा असतात, पासिंग प्लेस, समोरून कोणी आलं तर जी जवळ असेल तिथे थांबायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबायचं, आत घुसायचं नाही. मागून स्थानिक माणूस चिकटला असेल तर त्यालाही जाऊ द्यायचं, त्याला कामावर जायचंय. आणि तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नये, यावरून लोक फार चिडतात. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात.

राउंडनंतर क्लबहाउसमध्ये नवऱ्याने बियर घेतली तर चालवायचं तुम्ही. इथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलि रक्तात ५० मिलिग्रॅम, २०१४ पासून. एक ग्लासही जोखीम.

रानवाटा
हे बरं झालं, आता त्याला बियर की किल्ली ते ठरवू दे.

मंडळी, असा आराखडा झालाय बघा. सुरुवातीला फाइफ, रविवारी ओल्ड कोर्सवर नुसतं चालणं, सोमवारचा बॅलट लागला तर ठीक नाही तर फाइफमधलंच क्रेल (तिथला जुना क्लब १७८६ चा आहे म्हणे, नवरा खूश आहे), आम्ही तिघी टेन्ट्समूर, आणि पफिनसाठी लेक आणि मी. मग बोट ऑफ गार्टन. मग चॅनरी करत डॉर्नॉक, ब्रोरा. शेवटी एक दिवस मोकळा आहे, नवरा डर्नेस म्हणतोय, अगदी वायव्य टोकाला. जावं का?

बोगीबुवा
डर्नेस नऊ होलचा आहे, शेवटच्या होलला समुद्राच्या घळीवरून चेंडू मारायचा, झकास. पण डॉर्नॉकहून जायला दोन तास आणि यायला दोन, बराचसा एकेरी रस्ता. सासूबाईंना विचारा. मी असतो तर गॉल्स्पीला एक राउंड मारला असता, लॉख फ्लीटच्या पलीकडेच आहे, एकाच कोर्सवर लिंक्सही आणि हीदरची झुडपंही.

खारूताई
सासूबाई असताना डर्नेस नको. मोकळा दिवस केर्नगॉर्म्सकडे सरकव, लॉख अ‍ॅन आयलीनची तळ्याभोवतीची वाट कर, तीन मैल सपाट, तळ्याच्या मधे पडका किल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात त्या किल्ल्यावर ऑस्प्रे घरटं करायचे. आणि ग्लेनमोरला रेनडिअरचा कळप आहे, १९५२ मध्ये एका सामी (उत्तर स्कँडिनेव्हियातली रेनडिअर पाळणारी जमात) माणसाने स्वीडनहून आणून सोडला त्याचे वंशज. डोंगरावर गाइडबरोबर जावं लागतं, लेक आणि नवरा जातील, तू आणि सासूबाई तळं. एका दिवसासाठी तो गोल्फशिवाय जगेल.

रानवाटा
जगेल, जगवते. सासूबाईंनी डर्नेसला स्वतःच नाही म्हटलं, त्यामुळे मला बोलावंच लागलं नाही. रॉयल डॉर्नॉकला आज सकाळी ईमेल टाकलीय, त्यांच्याकडे फक्त दुपारी साडेतीनची वेळ उरलीय. त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे बघायला बसलेय.